सेनापतीचं विमान कुणाच्या नावावर?

ऑक्टोबर 2010 मध्ये कॅनडाचे संरक्षणमंत्री पीटर मॅके अफगाणिस्तानातून मायदेशी निघाले होते. त्याच विमानात कॅनडाच्या सैन्यदलांचे प्रमुख जनरल वॉल्टर नॅटिन्चिकही होते. वाटेतला थांबा ठरलेला होता, दुबईजवळचा अल मिन्हाद हवाई तळ. कॅनडाचं सैन्य या तळाला 'कॅम्प मिराज' म्हणायचं आणि अफगाणिस्तानातल्या त्याच्या मोहिमेची रसद इथून जायची. त्या दिवशी मात्र अमिरातीने या विमानाला आपल्या आकाशातच येऊ दिलं नाही. मंत्री आणि सेनापती लांबचा वळसा घालून घरी गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कॅनडाला तळही रिकामा करावा लागला.

भांडण युद्धाचं नव्हतंच, प्रवासी विमानांच्या फेऱ्यांचं होतं. एमिरेट्स आणि इतिहाद या दोन कंपन्यांना मिळून कॅनडात आठवड्याला सहाच फेऱ्यांची परवानगी होती. त्यांना ती वाढवून हवी होती आणि एअर कॅनडाच्या काळजीपोटी ओटावातलं सरकार ती द्यायला तयार नव्हतं. तिकिटांच्या धंद्यातली ही रस्सीखेच थेट सेनापतीच्या विमानापर्यंत पोचली.

दुबईतल्या अल बर्शातून अल मिन्हादला गाडीने जायला फार वेळ लागत नाही. तरी मॉल ऑफ द एमिरेट्सच्या मागच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी माणसालाही हा तळ ठाऊक असेलच असं नाही. तिथे जायचं कारणच कुणाला पडत नाही. विमानांचा धंदा मात्र इथे घरोघरी ठाऊक असतो. कुणी विमान कंपनीच्या हिशेबखात्यात असतं, कुणी विमानाच्या देखभालीत, कुणी विम्यात. त्यामुळे लष्कराने प्रवासी विमान भाड्याने घ्यायचं की विकत, आणि त्यात सेनापतींनी फिरायचं ते कुणाच्या खर्चाने, हा विषय मुंबई-पुण्यातल्या दिवाणखान्यात जितका परका वाटेल तितका तो इथे वाटत नाही.

याला दुसरंही कारण आहे. अल बर्शातला बहुतेक प्रत्येक परदेशी माणूस भाडेकरूच असतो. वर्षाचा करार, पुढच्या तारखांचे चेक, पाच टक्के अनामत, 'इजारी' या सरकारी यंत्रणेत कराराची नोंदणी. रिकामा फ्लॅट घ्यायचा की सोफा-फ्रिजसकट, मोडतोड झाली तर खर्च कुणाचा, मुदत संपली की भिंती कुठल्या रंगात परत द्यायच्या, हे सगळं इथल्या गृहिणीलाही पाठ असतं. विमानाचं भाडं याहून फार निराळं नाही. रिकामं विमान घेतलं, वैमानिक आपले, देखभाल आपली, तर ते 'ड्राय लीज'. विमान, चमू, देखभाल आणि विमा हे सगळं मालकाने द्यायचं आणि आपण उडालेल्या तासांचे पैसे मोजायचे, तर ते 'वेट लीज'. एखाद-दुसऱ्या फेरीपुरतं घेतलं की त्याला चार्टर म्हणतात. या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे दुबई एरोस्पेस एंटरप्राइझ. 2006 साली स्थापन झालेल्या या कंपनीने 2017 मध्ये एवॉस ही दुसरी मोठी कंपनी विकत घेतली आणि आज जगभरच्या विमान कंपन्यांना ती शेकडो विमानं भाड्याने देते.

खुद्द एमिरेट्सचा जन्मही भाड्याच्या विमानातच झाला. 25 ऑक्टोबर 1985 रोजी दुबईहून कराचीला गेलेलं तिचं पहिलं विमान पाकिस्तान इंटरनॅशनलकडून वेट लीजवर आणलेलं होतं. लगोलग मुंबई आणि दिल्लीच्या फेऱ्या सुरू झाल्या. जोडीला दुबईच्या राजघराण्याच्या ताफ्यातली दोन बोइंग 727 विमानंही कंपनीला मिळाली. म्हणजे राजाचं विमान इथे प्रवाशांच्या सेवेला लागलं. आपला विषय याच्या बरोबर उलटा आहे. प्रवाशांचं विमान सेनापतीच्या सेवेला लागतं, तेव्हा काय काय घडतं ते पाहायचं आहे.

*

अमेरिकेपासून सुरुवात करावी लागते, कारण तिथे हा व्यवहार कायद्यात लिहिला गेला आणि तिथेच तो सगळ्यात वाईट फसला.

अमेरिकेचे प्रादेशिक सेनापती एकेका खंडाएवढ्या प्रदेशाची जबाबदारी सांभाळतात. हिंद-प्रशांत विभागाच्या सेनापतीचं कार्यालय हवाई बेटांवर आणि त्याची अखत्यारी थेट भारतापर्यंत पसरलेली. असा माणूस महिन्यातले कित्येक दिवस हवेत असतो आणि हवेत असताना त्याला गुप्त दूरध्वनी, नकाशे, बैठकीचं टेबल आणि झोपायला जागा लागते. जुनी बोइंग 707 जातीची विमानं थकल्यावर त्यांच्या जागी सी-40 आलं. हे मूळचं बोइंग 737-700, म्हणजे आपण मुंबईहून नागपूरला ज्या जातीच्या विमानाने जातो त्याचंच भावंड, फक्त आतून बदललेलं. अमेरिकी हवाई दल त्यातल्या 'बी' प्रकाराला आकाशातलं कार्यालय म्हणतं आणि त्याचे मुख्य वापरकर्ते हे प्रादेशिक सेनापती असल्याचं उघडपणे सांगतं.

आता भाड्याकडे येऊ. 2001 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले, हवाई प्रवास आटला आणि बोइंगच्या मागण्या रद्द होऊ लागल्या. त्या वर्षअखेरीला मंजूर झालेल्या 2002 च्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात 8159 क्रमांकाचं एक कलम घातलं गेलं. हवाई दलाने शंभरपर्यंत बोइंग 767 आणि चार बोइंग 737 भाड्याने घ्यावीत, अशी मुभा त्यात होती. शंभर 767 इंधनवाहू करायची होती. चार 737 बड्या अधिकाऱ्यांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या प्रवासासाठी होती. कलमातले शब्द लक्ष देऊन वाचण्यासारखे आहेत. विमानं 'सर्वसाधारण वापराची' आणि 'व्यापारी रचनेतली' असावीत, असं त्यात म्हटलं होतं.

हे शब्द वैमानिकाला सुचले नाहीत, ते हिशेबनिसाचे आहेत. अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकाच्या नियमांत साध्या भाड्याची व्याख्या फार काटेकोर आहे. भाड्याच्या सगळ्या हप्त्यांचं आजचं मूल्य वस्तूच्या बाजारभावाच्या नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. मुदत वस्तूच्या आयुष्याच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे जाऊ नये. आणि वस्तू अशी असावी की सरकारने परत केली तर बाजारात दुसरं कुणी ती घेईल. या कसोट्या पार केल्या तर दरवर्षी फक्त त्या वर्षाचं भाडं खर्चात दाखवायचं. नाही केल्या, तर सगळी रक्कम पहिल्याच वर्षी मांडावी लागते आणि मग भाड्याने घेण्यातली सगळी गंमत संपते.

या कसोट्यांवर सेनापतीचं 737 सहज उतरतं. आतल्या खुर्च्या काढल्या आणि रेडिओ उपटले की ते उद्या कुठल्याही विमान कंपनीला विकता येतं. पोटात नळ्या आणि शेपटाखाली इंधनाचा दांडा बसवलेलं 767 मात्र अमेरिकी हवाई दलाखेरीज कोण घेणार? म्हणून एक वळण काढलं गेलं. खास यासाठी एक ट्रस्ट उभारायचा, त्याने बाजारातून कर्ज काढून बोइंगकडून विमानं घ्यायची आणि हवाई दलाला भाड्याने द्यायची. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाने 2003 मध्ये सरळ सांगितलं की ही भाड्याच्या वेशातली खरेदी आहे आणि थेट खरेदीपेक्षा ती महाग पडेल. सिनेटर जॉन मॅकेन या व्यवहाराच्या मागेच लागले.

पुढची गोष्ट तुरुंगात संपली. हवाई दलाच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्या बड्या अधिकारी डार्लीन ड्रुयन नोकरी सोडून 2003 च्या सुरुवातीला बोइंगमध्येच रुजू झाल्या. वाटाघाटी चालू असतानाच त्या नोकरीचं बोलणंही चालू होतं, हे उघड झालं. ऑक्टोबर 2004 मध्ये त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. बोइंगचे वित्तप्रमुख मायकेल सीअर्स चार महिने आत गेले, प्रमुख फिल कॉन्डिट यांनी पद सोडलं आणि 2006 मध्ये कंपनीने सरकारला 61 कोटी 50 लाख डॉलर देऊन आपल्यावरची प्रकरणं मिटवली. शंभर टँकरांचा करार बुडाला. चार 737 मात्र विनासायास आली.

मला या सगळ्यात टोचणारी गोष्ट ही. युद्धाला ज्याची खरी गरज, ते इंधनवाहू विमान भाड्याने मिळवताना एवढा गदारोळ झाला. साहेबांच्या प्रवासाची सोय त्याच कलमाने गुपचूप मार्गी लागली. भ्रष्टाचारामुळे हा फरक पडला असं समजू नये. तो हिशेबाच्या नियमांतच आहे. जी वस्तू जितकी नागरी, जितकी आरामाची आणि जितकी कुणालाही विकता येण्याजोगी, तितकी ती भाड्याने घेणं सोपं. लढाईची वस्तू बाजारात परत जात नाही, म्हणून तिला भाड्याची वाट अवघड. भाडेकराराला सोडून दिलं तर सैन्याचा पैसा तो आपसूक प्रवासी केबिनकडे वळवणार.

ऑस्ट्रेलियाने हे लपवलं नाही. तिथल्या हवाई दलाची 34 वी स्क्वाड्रन मंत्र्यांना आणि सेनाधिकाऱ्यांना नेते. तिची दोन बोइंग 737 बिझनेस जेट विमानं 2002 पासून क्वांटासच्या संरक्षण कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती, उडवायला हवाई दलाचे वैमानिक. ऑस्ट्रेलियाचे सैनिक अल मिन्हादला यायचे तेही बरेचदा भाड्याच्या लांब पल्ल्याच्या विमानांतून. त्या कंत्राटावरून दोन कंपन्यांमध्ये भांडण लागलं तेव्हा 2010-11 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीने उघड चौकशी केली.

*

मराठी माणसाचा या विषयाशी संबंध अल बर्शाच्या कितीतरी आधीचा आहे आणि तो रक्ताचा आहे.

एप्रिल 1955. इंडोनेशियात बांडुंगला आशिया-आफ्रिकेच्या देशांची परिषद भरायची होती. चीनकडे लांब पल्ल्याचं स्वतःचं भरवशाचं विमान नव्हतं. म्हणून चीन सरकारने एअर इंडिया इंटरनॅशनलचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान चमूसकट भाड्याने घेतलं. आजच्या भाषेत हा चार्टर, घडण मात्र वेट लीजची. विमानाचं नाव 'काश्मीर प्रिन्सेस', कॅप्टन डी. के. जटार, सहवैमानिक एम. सी. दीक्षित, देखभाल अभियंता अनंत कर्णिक, दिशादर्शक जे. सी. पाठक. सेवेला हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. पंतप्रधान चौ एन लाय याच विमानाने जाणार, अशी सर्वांची समजूत होती.

11 एप्रिलला विमान हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरून जाकार्ताकडे उडालं. चौ एन लाय त्यात नव्हते. ऐनवेळी बेत बदलून ते नंतर रंगूनमार्गे गेले. नातुना बेटांजवळ, समुद्रावर असताना उजव्या चाकाच्या खोबणीत लपवलेला बॉम्ब फुटला. पंख पेटला, केबिनमध्ये धूर भरला. जटारांनी जळतं विमान शक्य तितकं सांभाळत समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. विमानातल्या 19 जणांपैकी 16 जण गेले. प्रवासी सगळेच गेले, जटार गेले, ग्लोरिया बेरी गेल्या. दीक्षित, कर्णिक आणि पाठक पोहत राहिले आणि वाचले. नंतर कर्णिकांनी या घटनेवर पुस्तक लिहिलं. या चमूचा गौरव अशोक चक्र श्रेणीच्या शौर्य पुरस्कारांनी झाला. रणांगणावर न गेलेल्या नागरी माणसांना असा सन्मान मिळणं तेव्हा नवीनच होतं.

चौकशीत संशय गेला तो काई ताकवरच्या एका सफाई कामगारावर. विमानांची देखभाल करणाऱ्या स्थानिक कंपनीत तो कामाला होता आणि पकडलं जाण्याआधीच तैवानला पळाला.

सुरक्षेच्या बाबतीत भाड्याच्या विमानाचं सगळं दुखणं या एका घटनेत आहे. वैमानिक निष्णात होते, विमान चांगलं होतं. भगदाड जमिनीवर होतं, झाडू मारणाऱ्या, चाकं तपासणाऱ्या, जेवणाचे डबे चढवणाऱ्या माणसांत. प्रवासी विमान शेकडो हातांतून जातं आणि त्यातला प्रत्येक हात तपासायला सैन्याकडे माणसं नसतात. म्हणून सेनापतींसाठी भाड्याचंच विमान घ्यायचं झालं तर ड्राय लीज बरा. विमान बाजारातलं, पण वैमानिक आपले, हँगर आपलं आणि दारावर पहारा आपला.

त्याआधीची एक आठवण सांगायला हवी. ऑक्टोबर 1947 मध्ये टोळीवाले बारामुल्लापर्यंत आले, तेव्हा 27 तारखेपासून श्रीनगरला सैन्य पोचवणाऱ्या डकोटांत खासगी विमान कंपन्यांचीही विमानं होती. हवाई दलाकडे तेवढी विमानं कुठे होती? त्या दिवशी नागरी विमानं वाट्याला आली नसती तर श्रीनगरचा विमानतळ हातातून गेला असता. विमान भाड्याचं आहे का, असा प्रश्न त्या घटकेला कुणी विचारला नसणार. संकटात घेतलेलं भाड्याचं विमान आणि नेहमीच्या सोयीसाठी घेतलेलं भाड्याचं विमान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल माझी काही तक्रार नाही.

*

आता नरिमन पॉइंटला येऊ. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एअर इंडियाची 23 मजली इमारत मुंबईकराला वेगळी सांगायला नको. 2013 मध्ये कंपनीचं मुख्यालय दिल्लीला गेलं आणि अलीकडे 1,601 कोटी रुपयांना ही इमारत महाराष्ट्र सरकारकडे आली. याच कंपनीने कित्येक दशकं भारताच्या राष्ट्रपती-पंतप्रधानांना परदेशी नेलं. दौरा ठरला की नियमित फेऱ्यांतून बोइंग 747 काढायचं, आतून सजवायचं, एक राखीव ठेवायचं आणि दौरा संपला की ते पुन्हा प्रवाशांना द्यायचं. बिल जायचं संरक्षण मंत्रालयाकडे, परराष्ट्र मंत्रालयाकडे, पंतप्रधान कार्यालयाकडे आणि मंत्रिमंडळ सचिवालयाकडे.

आणि ते थकायचं. निवृत्त नौदल अधिकारी कमोडोर लोकेश बत्रा यांनी माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा 30 नोव्हेंबर 2019 रोजी अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या चार्टर विमानांपोटी एअर इंडियाचं सरकारकडून येणं 822 कोटी रुपये असल्याचं कळलं. सरकार कंपनीचं मालक आणि सरकारच भाडेकरू. मालकाकडूनच भाडं येणं असेल तर वसुलीला कोण जाणार? त्याच काळात ही कंपनी तोट्यामुळे विकायला काढली होती आणि सामान्य प्रवासी विमानातल्या फाटक्या सीटांबद्दल तिला शिव्या देत होते. त्या फाटक्या सीटांमागे ही थकबाकीही होती, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

पुढे सरकारने एअर इंडियासाठी आलेली दोन बोइंग 777-300ईआर विमानं या कामासाठी कायमची बाजूला काढली. त्यांच्यावर क्षेपणास्त्रांपासून बचाव करणारी यंत्रणा बसवली. तिला अमेरिकेने फेब्रुवारी 2019 मध्ये मंजुरी दिली होती, अंदाजे किंमत 19 कोटी डॉलर. पहिलं विमान 1 ऑक्टोबर 2020 ला दिल्लीत उतरलं. शेपटावर हवाई दलाचा क्रमांक, वैमानिक हवाई दलाचे. भाड्याची गोष्ट तिथे संपली. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली आणि 22 एप्रिल 2024 ला शेवटचं 747 मुंबईहून उडून अमेरिकेला निघून गेलं.

सेनाप्रमुखांसाठी आपल्याकडे पालमची एअर हेडक्वार्टर्स कम्युनिकेशन स्क्वाड्रन आहे. बोइंग बिझनेस जेट आणि एम्ब्राएर लेगसी या तिच्या विकत घेतलेल्या विमानांतून संरक्षणमंत्री आणि तिन्ही दलांचे प्रमुख फिरतात. भारतीय सेनापती आजवर बहुतांशी आपल्या मालकीच्या विमानात बसला आहे. या बाबतीत आपण जुन्या वळणाचे राहिलो ते बरंच झालं.

पण वाट उघडली गेली आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या संरक्षण संपादन कार्यपद्धतीत विकत घेणं आणि बनवणं यांच्या जोडीला भाड्याने घेणं हा स्वतंत्र प्रकार आला. सुरुवातीची मोठी रक्कम एकदम न गुंतवता ठरावीक काळाने भाडं भरावं, हा त्यामागचा विचार. त्यातून चांगलंही झालं आहे. गलवाननंतरच्या तणावात नोव्हेंबर 2020 मध्ये नौदलाने दोन सी गार्डियन ड्रोन अमेरिकी कंपनीकडून भाड्याने आणले. सप्टेंबर 2024 मध्ये त्यातलं एक बंगालच्या उपसागरात पडलं, तर बदली देण्याची जबाबदारी कंपनीची होती. नौदलाला 'चक्र' नावाची पाणबुडी दोनदा, आधी सोव्हिएत संघाकडून आणि नंतर रशियाकडून, भाड्याने मिळाली होती, त्यामुळे त्यांना हा प्रकार नवा नव्हता. 28 मार्च 2025 रोजी संरक्षण मंत्रालयाने मेट्रिया कंपनीशी एक केसी-135 इंधनवाहू विमान वेट लीजवर घेण्याचा करार केला. हवाई दलाच्या आणि नौदलाच्या वैमानिकांना हवेत इंधन घेण्याचा सराव मिळावा म्हणून. भारताने वेट लीजवर घेतलेलं हे पहिलंच इंधनवाहू विमान. अमेरिकेला जो करार झेपला नाही, तोच एका विमानापुरता आपण साधला.

मालकीचं विमान म्हणजे निर्धोक, असंही नाही. ऑगस्ट 2023 मध्ये जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री आनालेना बेअरबॉक ऑस्ट्रेलियाला निघाल्या. हवाई दलाचं ए340, पूर्वी लुफ्तान्साकडे असलेलं, अबुधाबीत इंधन भरायला थांबलं. उड्डाणानंतर पंखांच्या फळ्या नीट बंद होईनात म्हणून परतलं, दुरुस्त झालं, पुन्हा उडालं आणि पुन्हा त्याच कारणाने परतलं. दौरा रद्द. जर्मनीच्या परराष्ट्रमंत्री शेवटी प्रवासी विमानाने घरी गेल्या. पुढच्याच महिन्यात कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो दिल्लीतल्या जी-20 नंतर दोन दिवस अडकले, त्यांच्याही हवाई दलाचं जुनं ए310 बिघडल्यामुळे. ताफा दोन-चार विमानांचाच असला की राखीव विमान शेवटी कागदावरच उरतं. मोठ्या भाडे कंपनीकडे निदान दुसरं विमान पाठवायची सोय असते.

ब्रिटनने तिसरा मार्ग धरला. 2008 मध्ये एअरटँकर या खासगी कंपनीशी 27 वर्षांचा करार करून 14 एअरबस ए330 मिळवली. नेहमीच्या कामाला काही विमानं, बाकीची कंपनीने पर्यटकांच्या फेऱ्यांना लावायची आणि युद्ध पेटलं की परत आणायची. त्यातल्या एकात 2016 मध्ये सुमारे एक कोटी पौंड खर्चून पंतप्रधान आणि राजघराण्यासाठी बैठक केली. ब्रिटनच्या लेखापरीक्षकांनी 2010 मध्येच या कराराच्या किमतीवर बोट ठेवलं होतं. पण त्यांना बोट ठेवता आलं, कारण आकडे समोर होते.

म्हणून भाड्याला सरसकट विरोध करणं मला पटत नाही. तात्पुरती गरज असेल, स्वतःचं विमान यायला वेळ असेल, तर चार वर्षं भाड्याने घेणं शहाणपणाचं. सेनापतीच्या प्रवासाला मात्र वेगळा नियम हवा, कारण हिशेबाचे नियम त्याच्या बाजूने झुकलेले असतात आणि तो ज्यांच्याकडून विमान घेतो त्यांच्याकडेच उद्या निवृत्तीनंतर नोकरीला जाण्याची शक्यता असते. ड्रुयनबाईंचं प्रकरण याच उंबरठ्यावर घडलं. उद्या आपल्या तिन्ही दलांच्या संयुक्त विभागीय रचना उभ्या राहतील, तेव्हा त्यांचे सेनापतीही लांब पल्ल्याची विमानं मागतील, आणि कुठलीतरी भाडे कंपनी, कदाचित दुबईच्या शेख झायेद रोडवरून दिसणाऱ्या एखाद्या काचेच्या मनोऱ्यातली, स्वस्त दराचा प्रस्ताव घेऊन संरक्षण मंत्रालयाच्या दारात उभी राहील.

त्या दिवसाची वाट न पाहता संरक्षण मंत्रालयाने एक गोष्ट आजच करावी. भाड्याच्या प्रत्येक विमानाचं वर्षाचं भाडं, कराराची मुदत, थकलेली रक्कम आणि त्यात फिरलेल्या पदांची यादी दर अर्थसंकल्पी अधिवेशनात लोकसभेच्या पटलावर ठेवावी. मार्ग सांगायला नकोत, तारखा सांगायला नकोत, सुरक्षेचं कारण तिथे मान्य. पण 822 कोटींची थकबाकी कळायला एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागला, अशी वेळ पुन्हा येऊ नये. वाचकांपैकी कुणाचा आपल्या खासदाराशी परिचय असेल, तर हा प्रश्न त्यांच्या कानावर जरूर घालावा. लोकसभेत तारांकित प्रश्न विचारायला त्यांना काहीच अडचण नाही.